तुम्ही विचारलंत म्हणून: फेलोशिप म्हणजे नोकरी का?

दिवाळीच्या फोनवर आत्याचा प्रश्न ठरलेला. "अजून फेलोशिपवरच का गं? आणि ती कुणा गेलेल्या माणसाच्या नावानं कशाला?" तिच्या डोळ्यांपुढे शाळेतलं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असलेलं संस्कृतचं बक्षीस असतं: ५१ रुपयांचं पाकीट, टाळ्या, संपलं. हल्ली ओळखीचेही हेच विचारतात.

माझी फेलोशिप, म्हणजे ठरावीक काळ संशोधन करायला मिळणारे पैसे, आमच्या विद्यापीठातल्या एका दिवंगत प्राध्यापकांच्या नावाची आहे. पण मुद्दा कळायला बेन बॅरेस यांची गोष्ट बरी. मी मेंदूतल्या ग्लिया पेशींवर काम करते आणि या विषयात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बॅरेस यांचं नाव घेतल्याशिवाय पान हलत नाही. ग्लिया या शब्दाचा मूळ अर्थ डिंक. चेतापेशींना जागेवर धरून ठेवणं, एवढंच यांचं काम, असं बरीच वर्षं मानलं जाई. बॅरेस यांनी उंदराच्या पिल्लांच्या डोळ्यातल्या चेतापेशी निवडून वेगळ्या काढल्या. ती रीत आम्ही आजही वापरतो. बशीच्या तळाला अँटिबॉडीचा (ठरावीक पेशींनाच पकडणाऱ्या प्रथिनाचा) थर द्यायचा, वर पेशींचं पाणी ओतायचं. नको त्या पेशी तळाला चिकटतात. उरलेलं पाणी दुसऱ्या बशीत, तिथे हव्या त्या चिकटतात. मग धुवायचं, तेही हलक्या हातानं. नाहीतर सकाळपासूनची मेहनत सिंकमध्ये. (आत्या, डाळ निवडण्यासारखंच, फक्त खडे दिसत नाहीत.) अशा एकट्या चेतापेशी एकमेकींशी फारच कमी जोडण्या करतात. अॅस्ट्रोसाइट नावाच्या ग्लिया शेजारी आणल्या, की जोडण्या कित्येक पटींनी वाढतात.

हेच बॅरेस १९९७ पर्यंत बार्बरा या नावानं, बाई म्हणून राहत होते. हार्वर्डला पीएचडी करताना त्यांची एक मानाची फेलोशिप हुकली. त्यांचे सहा चांगले पेपर, ज्या मुलाला ती मिळाली त्याचा एक. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे स्वतःच लिहिलं.

पुढे २०१७ मध्ये, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं घेरलेलं असताना, ते त्याच नियतकालिकात पोस्टडॉक्सच्या, म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या तरुणांच्या, बाजूनं भांडले. म्हणणं सरळ होतं: मुलं लॅब सोडून जाताना त्यांचा प्रोजेक्ट त्यांना नेऊ द्या. त्याच डिसेंबरात ते गेले. २०१८ मध्ये चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या संस्थेनं मेंदूच्या झिजेच्या आजारांवर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांसाठी त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केले. तरुणांसाठी इतकं भांडलेल्या माणसाचं याहून योग्य स्मारक मला तरी सुचत नाही.

प्रोजेक्ट नेण्याची ती गोष्ट मला लागली, कारण आधीच्या एका लॅबमधून निघताना मला सांगितलं गेलं होतं, "हा विषय इथेच राहील." तीन वर्षांच्या वह्या कपाटात ठेवून, किल्ली देऊन निघाले. तिथे माझा पगार गाइडच्या ग्रँटमधून येई, त्यामुळे संशोधनाचा प्रश्नही त्यांचाच. आता पैसे माझ्या नावावर येतात. अर्जातला प्रश्न माझा आहे, आणि तो घेऊन जायची मुभा गाइडकडून पहिल्याच महिन्यात लेखी घेतली. मागताना घशाला कोरड पडली होती, हे खरं.

तेव्हा आत्या, नोकरी नाही. पक्की तर नाहीच. पैसे पुढच्या ऑगस्टपर्यंत आहेत.