आमची वाटचाल: म्हाताऱ्यांचं गॅरेज

१९९४च्या चतुर्थीनंतर म्हापशात वडिलांच्या जागेत गॅरेज टाकलं. पुढची अठरा वर्षं ठीक गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते २०१२बद्दल.

त्या साली हायवेवर एक मोठं वर्कशॉप उघडलं. एसीत बसायची सोय, कॉम्प्युटर, युनिफॉर्म. माझी दोन पोरं, ज्यांना इंजिनाचे टॅपेट लावायला मी हात धरून शिकवलं, दिवाळीआधीच तिकडे गेली. मागोमाग दहा-बारा गिऱ्हाइकं. वर तो मालक चारचौघांत म्हणाला, "त्याचं काय, म्हाताऱ्यांचं गॅरेज!" सहा महिने बायकोच्या पाटल्या गहाण होत्या. मी काही विसरलेलो नाही.

तेव्हा एकच गाडी न चुकता येत राहिली, डिचोलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. मास्तर साठीनंतर टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीत उतरले. तिथे पळवायची नसते, वेळ पाळायची असते. टप्प्यावर लवकर पोचलात तरी दंड. तरणी पोरं घाईत मार खातात, मास्तर शाळेच्या घंटेवर पोचायचे. त्यांनीच आपल्या वयाचे आणखी आणले.

आज माझ्या वहीतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी चालकांत चाळिशीच्या आतला एकच. नवल कसलं? फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी ही. मुलांची लग्नं उरकली की पैसा आणि रविवार दोन्ही मोकळे होतात. इंग्लंडचे नामांकित रेसर स्टर्लिंग मॉस २०११मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीत सरावाला उतरले, स्वतःचीच भीती वाटली म्हणून थांबले. वय ८१. आमचे मास्तर त्यांच्यापुढे पोरच.

तरी सांगतो, पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पाय जोरात लागतो. आधी चष्म्याचा नंबर तपासा, मग ब्रेक शू. आणि सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार कधीच घालू नका. भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पिते. फुंकून साफ करा. वडिलांची फीलर गेज, फट मोजायच्या पात्यांची, अजून माझ्या खिशात असते, ती कुणाला देत नाही. मास्तरांनी मागितली तरी नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच वर्कशॉपमधून एक पद्मिनी टो करून आली. जेटमध्ये तार घातलेली. मालक स्वतः आला नाही, ड्रायव्हर पाठवला. दोन दिवसांत गाडी दिली. पैसे रोख घेतले.