शॅकमधल्या पीसीचं घड्याळ मागे का पडतं: आतापर्यंतचा तपास

एफटी८वर, म्हणजे हॅम रेडिओवर संगणकाच्या मदतीनं छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीवर, बसणाऱ्यांची नजर डीटीच्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यावर असतेच. समोरच्याचा सिग्नल आपल्या घड्याळाप्रमाणे किती सेकंद आधी किंवा उशिरा आला, ते तिथे कळतं. घड्याळ बरोबर असेल तर बहुतेक आकडे ०.१, ०.२च्या आसपास राहतात. माझ्याकडे मार्चपासून सगळेच उणे यायला लागले: उणे ०.८, उणे १.१, एखाद्या सकाळी त्याहूनही वाईट. एकाच स्टेशनचा आकडा विचित्र असला तर दोष त्याच्या घड्याळाचा. सगळी स्टेशनं एकाच बाजूला सरकली असतील तर आपलं घड्याळ तपासायचं. ते मागे असलं की येणारे सिग्नल लवकर आल्यासारखे दिसतात, म्हणून उणे.

एफटी८चा स्लॉट १५ सेकंदांचा आणि प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. घड्याळ अडीच सेकंदांच्या पलीकडे चुकलं की वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रावर) ठसठशीत रेघा दिसतात आणि डिकोड मात्र एकही होत नाही. अशा वेळी अँटेना आणि केबल उघडून बसणारे बरेच आहेत. आधी घड्याळ बघा.

शॅक म्हणजे रेडिओची खोली, माझी अकोल्यात गच्चीवर, पत्र्याची. मशीन जुना ड्युअल कोअर डेस्कटॉप, त्यावर जुनं डेबियन लिनक्स, सिस्टिमडी या हल्लीच्या सुरुवात-व्यवस्थेच्या आधीच्या पद्धतीनं सुरू होणारं. नेट मुद्दाम दिलेलं नाही, कारण राउटरच्या अडॅप्टरची खरखर ४० मीटरच्या बँडवर सरळ ऐकू येते. नेट दिलं असतं तर एनटीपीनं (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या व्यवस्थेनं) वेळ परस्पर दुरुस्त केली असती आणि मूळ दुखणं वेदनाशामक गोळीखाली दबतं तसं दबून राहिलं असतं. मला ते दुखणंच शोधायचं होतं.

बरोबर वेळेच्या संदर्भासाठी सुरुवातीला रिगच, म्हणजे रेडिओ संचच, वापरली. रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ-स्टेशनचे सेकंदाचे ठोके बरे ऐकू येतात. तिथून इथवरचं अंतर साडेतीन हजार किलोमीटर धरलं तर सिग्नलला लागणारा वेळ १२ मिलिसेकंदांच्या घरात. आपल्या कामाला तो नगण्य आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘घड्याळ मागे पडतं’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. मशीन बंद असताना मागे पडतं की चालू असताना, हे आधी ठरवावं लागतं, कारण पीसीत घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं आरटीसी (रिअल टाइम क्लॉक), जे मशीन बंद असतानाही सेलच्या आधारानं अखंड चालतं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं, जे सुरू होताना आरटीसीकडून एकदा वेळ घेतं आणि मग वेगळ्या क्रिस्टलवर (ठरावीक वेगानं कंप पावणाऱ्या क्वार्ट्झवर) स्वतःचं मोजत राहतं. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीत सेलवर चालणारं घड्याळ नव्हतंच, डॉस दर वेळी तारीख आणि वेळ विचारायचं. १९८४च्या पीसी एटी या मॉडेलमध्ये मोटोरोलाची १४६८१८ ही चिप आली. आजचे चिपसेटही आरटीसीच्या बाबतीत मोठ्या प्रमाणात तिच्यासारखेच वागतात.

माझ्याकडे रात्रभर बंद ठेवल्यावर वेळ काही मिनिटं मागे असायची. म्हणजे पहिला संशय सेलवर. सीआर२०३२ काढून मोजला तर २.६ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.७च्या खाली गेला की बदलावा. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. आरटीसीनं ५ मायक्रोअँपिअर घेतले असं धरलं तर सेल पाच वर्षं पुरायला हवा. पण हा हिशेब सेलवरच पूर्ण भार असतानाचा आहे. एसएमपीएसला (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) वीज असेल तर पीसी बंद असतानाही आरटीसी स्टँडबायच्या ५ व्होल्टवर चालतं आणि सेल शिल्लक राहतो. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, त्यामुळे सगळा भार सेलवर जातो. ती सवय सोडा असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात विजा चमकतात तेव्हा तीच मशीन वाचवते. सेल मात्र त्या हिशेबानं आधीच बदलावा, आणि दुकानात घेतानाच मीटर लावून बघावा, कारण पडून राहिलेला माल सर्रास मिळतो.

सेल बदलला. बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेळ लावली, मशीन बंद करून सकाळी बायोसमध्येच पाहिलं तर वेळ जवळजवळ बरोबर. पण लिनक्स सुरू झालं की वेळ आता पुढे! आणि मशीन जितका जास्त वेळ बंद राहिलेलं, तितकी चूक मोठी. चूक कमजोर सेलसारखीच वाढणारी, फक्त दिशा उलटी, आणि सेल तर नवा.

उत्तर ‘अ‍ॅडजटाइम’ नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये निघालं. ‘एचडब्ल्यूक्लॉक’ हा प्रोग्राम आरटीसी दिवसाला किती सेकंद चुकतं तो आकडा तिथे ठेवतो आणि सुरू होताना मधल्या दिवसांचा गुणाकार करून वेळ ‘सुधारतो’. जुन्या आवृत्त्या घड्याळ लावताना हा आकडा आपोआप काढतात. सेल मरत असताना हातानं वेळ लावली गेली की ती सगळी मिनिटं त्या आकड्यात शिरतात. जुना सेल गेला तरी त्याचा हिशेब मागे राहिला होता, आणि चांगल्या आरटीसीची वेळ रोज त्यानुसार बिघडवली जात होती. फाइलमधला आकडा शून्य केला, मिनिटांची चूक तिथेच संपली. नव्या आवृत्त्यांमध्ये वेगळा पर्याय दिल्याशिवाय आकडा बदलत नाही, हा फार शहाणा बदल आहे. जुन्या लिनक्सवर सेल बदलला की ही फाइल साफ करणं त्या कामाचाच भाग धरा.

उरली सेकंदांची घट, आणि मला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळाला. आरटीसीचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा, म्हणजे २चा १५वा घात. १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ हर्ट्झ. आतला क्वार्ट्झ दोन बाहूंच्या स्वरकाट्यासारखा कापलेला असतो आणि तो साधारण २५ अंशांवर सगळ्यात वेगानं कंप पावतो. तापमान वाढलं तरी मंदावतो, घटलं तरी मंदावतो. ही घट फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, साधारण दर अंश-वर्गाला ०.०३४ पीपीएम (दशलक्षात इतके भाग). १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद.

मे महिन्यात दुपारी कॅबिनेटच्या आत ५० अंश होते. २५ अंशांचा फरक, वर्ग ६२५, म्हणजे सुमारे २१ पीपीएम. रात्री ३५ अंशांना जेमतेम साडेतीन पीपीएम. दोन्हींतला फरक दिवसाला दीड सेकंदाच्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात दुपारी आरटीसी दिवसाला ३ सेकंदांच्या वेगानं मागे पडत होतं आणि रात्री दीड सेकंदाच्या. कागदावरचं गणित पत्र्याच्या खोलीत इतकं चोख जुळेल असं वाटलं नव्हतं. तापमान वजा केल्यावर उरलेले १४ पीपीएम क्रिस्टलचा जन्मजात फरक, तोही नेहमीच्या २० पीपीएमच्या मर्यादेत. म्हणजे आरटीसी बिघडलेलं नाही. आपल्या उन्हाळ्यात ते असंच चालणार.

चालू मशीनमधलं सिस्टिमचं घड्याळ वेगळं मोजावं लागलं. त्यासाठी यूएसबीचा जीपीएस पक (छोटा चपटा रिसीव्हर) खिडकीबाहेर ठेवला, कारण पत्र्याखाली त्याला उपग्रह दिसत नाहीत. जीपीएसडी हा प्रोग्राम त्याच्याकडून वेळ घेतो आणि सिस्टिमचं घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्रामला देतो. क्रोनीच्या म्हणण्याप्रमाणे हे घड्याळ ३८ पीपीएम मंद, दिवसाला सव्वातीन सेकंद. क्रोनी तो आकडा ड्रिफ्ट फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे पक काढून ठेवला तरी घड्याळ बराच वेळ नीट चालतं. यूएसबीवरून येणारं वेळेचं वाक्य सेकंदाच्या काही दशांशांनी उशिरा पोचतं, त्यासाठी क्रोनीच्या सेटिंगमध्ये ऑफसेट द्यावा लागतो. मी तो बीपीएमच्या ठोक्यांशी ताडून ०.२ ठेवला आहे. आरटीसीची घट क्रोनीनंच शिकावी म्हणून ‘आरटीसीफाइल’ ही सेटिंग वापरतोय. ‘आरटीसीसिंक’ ही दुसरी सेटिंग तिच्यासोबत चालत नाही, दोन्हींतलं एकच ठेवा. ‘अ‍ॅडजटाइम’ची दुरुस्तीही बंद, एका घड्याळाला दोन मालक नकोत.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांसाठी: विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून घड्याळ अचानक ५ तास ३० मिनिटं सरकतं. गंमत अशी की ५ तास ३० मिनिटं म्हणजे १९,८०० सेकंद, त्याला १५नं पूर्ण भाग जातो आणि उत्तरही सम येतं, म्हणजे आळीपाळीनं येणारे सम-विषम स्लॉटही बदलत नाहीत. त्यामुळे डिकोड छान चालू राहतात, डीटी निर्मळ दिसतो, आणि लॉगमध्ये मात्र चुकीची वेळ जाते. क्यूएसओ (दोन स्टेशनांमधला संपर्क) जुळला नाही अशी तक्रार आली तर हे तपासा.

सध्या डीटी ०.१ ते ०.३मध्ये आहे. पुढचं काम बाहेर डोंगरावर न्यायच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचं. त्यात आरटीसी नाही, म्हणून डीएस३२३१ ही आरटीसी चिप लावणार. ही चिप तापमानाची भरपाई स्वतः करते, ० ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला मिनिटभर. बाजारात सहज मिळणाऱ्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर सेल चार्ज करायची जोडणी असते, आणि सीआर२०३२ चार्ज करायचा नसतो. सेल बसवण्याआधी तो चार्जिंगचा डायोड किंवा त्यालगतचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाकायचा आहे. सोल्डरिंग झालं की पायची मोजमापं इथेच टाकतो.