माप दसऱ्याला, चप्पल दिवाळीला: कोल्हापुरातली सहकुटुंब खरेदी

चप्पल ही गुपचूप द्यायची भेट नव्हे. साडी कपाटात दडवता येते, घड्याळ खोक्यात घालून ऐनवेळी पुढे करता येतं. चपलेला मात्र पाय लागतो आणि पायाबरोबर अख्खा माणूस यावा लागतो. भाऊबीजेला दादाला हातची कोल्हापुरी द्यायची असं मी ठरवलं तेव्हा ही अडचणच वाटली होती. पण तिच्यामुळेच दोन सुट्ट्या मार्गी लागल्या. दसऱ्याला दादा, वहिनी आणि धाकटी भाची पुण्याहून माप द्यायला आले, दिवाळीला तयार जोड न्यायला आले, आणि त्या निमित्ताने आम्ही आमच्याच गावात पाहुण्यासारखे हिंडलो. माझं सासर-माहेर दोन्ही कोल्हापुरातलं, तरी काही गल्ल्यांत मी यंदाच शिरले.

बरोबर लहान मुलं आणि गुडघेदुखीची आई होती, त्यामुळे खालचं सगळं त्या बेताने वाचा. एकट्यादुकट्याचं काम निम्म्या वेळात होईल. मजाही निम्मीच होईल म्हणा.

शिवाजी चौक-भवानी मंडप भागातली चप्पल लाईन सगळ्यांना ठाऊक असते. पहिली फेरी तिथंच मारा, पण बघायला. ओळीनं दुकानं, दारात टांगलेले जोड, आत तेलाचा आणि चामड्याचा वास. गोंडा हवा की नको, बाजूचे कान केवढे, पट्ट्यावर वेणी किती दाट, टाच जाड की पातळ, हे डोळ्यांनी ठरवून घ्या. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी अशी नावं कानावर पडतील. कापशी आणि कुरुंदवाड ही आमच्याच जिल्ह्यातली गावं. करकर वाजणारी हवी असेल तर आधी सांगायला लागतं. दादानं ती मागितली आणि वहिनीनं ताबडतोब रद्द केली. "रात्री उशिरा येताना वाजेल ते बरंच आहे," असं आई म्हणाली, पण तिचं मत कुणी धरलं नाही.

तिथल्याच एका दुकानदारानं आमचा बेत ऐकून आम्हाला सुभाषनगरला धाडलं. ही चर्मकार कारागिरांची वस्ती. घर आणि कारखाना असा भेद इथं फारसा नाही. सोप्यातच, म्हणजे ओसरीवरच, काम चालतं. जाताना एवढं ध्यानात ठेवा की हे प्रदर्शन नाही, लोकांचं घर आहे. फोटो काढायच्या आधी विचारा आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी जाऊन धडकू नका.

माप घेण्याचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. कारागिरानं जमिनीवर कागद पसरला आणि दादाला म्हणाले, "बसून न्हाई, उभं ऱ्हावा. भार पडला की पाय पसरतोय." मग पेन अगदी सरळ धरून पायाभोवती रेघ फिरवली. कागदाची एक पट्टी चवड्यावरून गुंडाळली आणि जिथं टोकं जुळली तिथं नखानं खूण केली. अंगठ्याचं माप वेगळं. आपल्याला वाटतं दोन्ही पाय सारखे, पण दादाचा डावा पाय थोडा मोठा निघाला. इतकी वर्षं त्याला नव्या बुटात डावीकडेच का टोचायचं, ते तिथं कळलं.

भाची मात्र माप सोडून पलीकडच्या आजींजवळ जाऊन बसली होती. वेणीचं काम बहुतेक घरांत बायकांच्या हातात असतं. शेळीच्या पातळ चामड्याच्या वाद्या पाण्यानं मऊ केलेल्या, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलेलं, आणि बोटं भराभर चाललेली. आजी बोलत होत्या भाचीशी, बघत होत्या दाराकडे, वेणी आपली घट्ट पडत होती. भाचीला त्यांनी एक तुकडा करायला दिला. चार इंचांतच तो वाकडा गेला. आजींनी तो न उसवता तिला देऊन टाकला, आता तिच्या दप्तराला बांधलेला आहे. सगळ्या खरेदीतली ही एकच वस्तू फुकट, आणि तिचंच कौतुक पुण्यात जास्त झालं.

तळ असतो म्हशीच्या जाड चामड्याचा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं भिजवायचं, कुटायचं, रापीनं कापायचं, थर एकावर एक ठेवून आरीनं भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं. म्हणून घेताना चप्पल आधी उलटी करा. खालच्या बाजूला वादीचे टाके दिसले पाहिजेत. नुसता डिंक आणि वर उठवलेल्या खोट्या टाक्यांच्या रेघा असतील तर परत ठेवा. वास घ्या, कडेला नखानं हलकं खरवडा. रंग पापुद्र्यासारखा सुटला की समजायचं ते रेक्झिन. तीन-चारशे रुपयांत मिळते ती चप्पल वाईटच असते असं नाही, पण ती ही नव्हे. आणि हाताच्या कामावर घासाघीस मला स्वतःला पटत नाही. किती दिवसांचं काम आहे ते समोर बघितल्यावर दीडशे रुपये कमी करून घेण्यात काय शौर्य?

धाकटीनं विचारलं, "परदेशी कंपनीनं कॉपी केली ती हीच का?" हीच. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं असल्याच चपला उतरवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, आणि इकडे गदारोळ झाल्यावर भारतीय कारागिरीवरून स्फूर्ती घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. ते एकट्या कोल्हापूरचं नाही बरं का. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. पेठेतल्या एखाद्या काकांना हे सांगून बघा, तासभर तरी निवांत करमणूक होते.

मुदतीचं म्हणाल तर, पावसाळी हवेत चामडं वाळत नाही आणि दिवाळीच्या तोंडावर कारागिराला उसंत नसते. आमच्याकडे दसऱ्याला पाऊस रेंगाळतच होता. "दिवाळीला नक्की, पर त्याच्या आधी फोन करू नगासा," असं सांगून त्यांनी थोडी आगाऊ रक्कम घेतली. गडबड असेल तर तयार जोड घ्या, मापाच्या चपलेला घाई लावू नका. माणूस येऊच शकत नसेल तर वर सांगितलं तसं उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढून तो कागद मागवा. थोरली भाची बंगळुरूला असते, तिचा कागद कुरिअरनं आला. मोबाईलवरचा फोटो उपयोगाचा नाही, त्यात माप बदलतं.

नवी जोड पहिले काही दिवस चावते. एरंडेल किंवा खोबरेल तेलाचा हात पट्ट्यांना आतून लावायचा, घरात थोडी थोडी वापरायची. भिजली तर सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली की ती कडक होऊन तडकते.

दसऱ्याच्या त्या फेरीत देवळाचं काय, असं कुणीही विचारेल. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन उभं राहणं म्हणजे दिवस गेला. आम्ही बाहेरूनच कळसाला हात जोडले. निवांत दर्शन हवं असेल तर मंगळवार-शुक्रवार टाळून सकाळी लवकर जा. किरणोत्सव, म्हणजे सूर्याची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, बघायचा असेल तर तो साधारण 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीला. ढग आले की हुकतो.

वहिनीसाठी गुजरीत ठुशी घेतली. ही सराफांची गल्ली, देवळाच्या महाद्वारापासून चालत जाण्यासारखी. कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना बघून घ्याच, घ्यायचा नसला तरी. त्यात 21 पानं मोजतात, दशावतारांची दहा त्यातच येतात. जवाच्या आकाराचे पोकळ मणी लाखेनं भरलेले असतात, म्हणून दिसायला भरघोस आणि सोनं मात्र बेताचं. चांदीवर किंवा तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेलेही मिळतात. कशावर पाणी आहे ते विचारून पावतीवर लिहून घ्या. पैंजण हवे असतील तर ते हुपरीचे आहेत का विचारा. तो आख्खा गाव चांदीच्या कामावर जगतो.

संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग एकच झुंबड उडते. मुलांना खांद्यावर घ्या किंवा मागे थांबा, मधला मार्ग नाही. गाडी लांब लावून चालत या.

दुसऱ्या दिवशी खासबाग. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं हे कुस्त्यांचं मैदान आत जाऊन बघितल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. बसायला जागा अशी उतरत आणली आहे की कुठूनही हौदा, म्हणजे मधला कुस्तीचा आखाडा, दिसतो. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दादानं आणि मी तिथं बालनाट्यं बघितली आहेत, तो तिथं बराच वेळ काही बोलला नाही. मग खाऊ गल्लीत भेळ, आणि रंकाळा. रंकाळ्यावर मुलांना मोकळं सोडता येतं, आईला बसायला कट्टा मिळतो, खर्च कणसाएवढाच. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार थेट पेल्यात, वर फेसाची टोपी. पुण्याच्या भाचीनं आधी नाक मुरडलं आणि मग दुसरा पेला मागितला. पचनाची खात्री नसेल तर अर्धा पेला घ्या, अर्धाही मिळतो.

मिसळ कुठली, यावर मी लिहिणार नाही, मला याच गावात राहायचं आहे. फक्त इथं तिच्याबरोबर स्लाईस ब्रेड येतो, पाव मागून हसं करून घेऊ नका, आणि मुलांसाठी कट वेगळा मागा.

दिवाळीची फेरी छोटी आणि मला जास्त आवडलेली. चपला ठरल्याप्रमाणे तयार होत्या, दादाची डावी जोडीदारणीपेक्षा किंचित रुंद. तिथून पापाची तिकटी गाठली. कुंभार गल्लीत दिवाळीआधी पणत्यांचे ढीग आणि किल्ल्यांसाठी मातीचे मावळे मांडलेले असतात. मोठ्या दुकानांत प्लॅस्टरच्या साच्यातले चकचकीत महाराज मिळतात. इथल्या मातीच्या चित्रांत, म्हणजे छोट्या मूर्तींत, प्रत्येक मावळ्याचं तोंड वेगळं असतं, एखादा चक्क तिरळाही निघतो. माझ्या मुलानं हौसेनं तिरळेच निवडले. सिंहासनावरचे महाराज, तोफा, गवळण, वाघ, विहिरीवरची बाई, सगळं मिळतं. पण वसुबारसेच्या आधी जा. नंतर उरलेसुरले मावळे आणि हात तुटलेले भालदार राहतात. पुण्याला नेताना प्रत्येक चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून मधे चुरमुरे भरा. फुटत नाहीत आणि वाटेत चुरमुरे खाताही येतात.

न्यू पॅलेसला मुलांना घेऊन गेलो, मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदानं आखलेली, 1884 मध्ये पुरी झालेली काळ्या दगडाची इमारत. आतलं शिकारीचं दालन लहानग्यांना एकतर फार आवडतं किंवा रडवतं. आमच्याकडे दोन्ही झालं.

शेवटी पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळ. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. चुलवाणात चिपाडं ढकलणारा एक, काहिलीवरची, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवरची, मळी काढणारा दुसरा, आणि पाक आला की नाही ते नजरेनं सांगणारा गुळव्या. त्याचं सगळे ऐकतात. मुलांना काहिलीपासून लांब ठेवा, उसळलेला रस फार भाजतो. ताजा कोमट गूळ द्रोणात देतात, बरोबर शेंगदाणे न्या. भेट म्हणून एक किलोच्या ढेपा आणि काकवीची बाटली घ्या. पांढरट-पिवळा गूळ दिसला की भुलू नका. रस भेंडीनं साफ केलेला बिनरसायनाचा गूळ तपकिरी असतो. मानांकन कोल्हापुरी गुळालाही आहे, 2014 पासून. ढेप प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधली तर घाम सुटतो, कागदात आणि वर कापडी पिशवीत ठेवा. काकवीची बाटली सामानात उभी न्या आणि झाकणाला चिकटपट्टी लावा. गावात शिरताना गाडी बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावली तर चप्पल लाईन, गुजरी आणि भवानी मंडप पायी होतात. सुभाषनगर, पापाची तिकटी आणि रंकाळ्याला आम्ही रिक्षा केली. आईच्या गुडघ्यांनी पन्हाळ्यावर तक्रार केली, तेव्हा तबक उद्यानात तिला बसवून आम्ही तीन दरवाजापर्यंत जाऊन आलो. वर थंडी असते, शाल ठेवा.