जाहिराती काढलेला खंड

सांगलीच्या गणपती पेठेतील एका रद्दीवाल्याने ‘स्त्री’ मासिकाचा कापडी पाठीचा जुना खंड आज माझ्यापुढे ठेवला आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, "बघा साहेब, कव्हरं आणि जाहिराती सगळ्या काढून बांधलाय. निव्वळ वाचायचा मजकूर!"

हे वाक्य दिवसभर मनात सलत राहिले. बांधणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण पाने कमी झाली की खंड आटोपशीर होतो आणि शिवणीवरचा ताणही घटतो. परंतु त्या काळी घरात कोणता साबण येत होता आणि तो काय सांगून विकला जात होता, हे कथांपेक्षा त्या फाडलेल्या पानांतूनच अधिक कळले असते.

गंमत अशी की, आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक होते. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’, तर १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले.

खंड मी घेतलाच. मात्र कुणाच्या माळ्यावर मुखपृष्ठांसह सुटे अंक असतील, तर ते बांधायला देण्यापूर्वी मला कळवाल का?