पाचशे सह्या आणि एक बदललेला शब्द

मतदार पुस्तिकेत आपलं म्हणणं छापून आणण्यासाठी सह्या गोळा करायला निघण्याआधी मजकूर पक्का करा आणि मग त्याला हात लावू नका. स्वल्पविरामालासुद्धा नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर ऑगस्ट 2022 मधले माझे नऊ दिवस वाचले असते. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी ओरेगॉनमध्ये राहते, शहरापासून लांब, शेतांच्या भागात. इथे लोक सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतदानाला आणू शकतात. त्या वर्षी तसंच मेझर 114 आलं. बंदूक विकत घ्यायची तर आधी परवाना काढायचा. त्यासाठी प्रशिक्षण, प्रत्यक्ष गोळी झाडून दाखवणं, बोटांचे ठसे, फोटो, 65 डॉलरपर्यंत फी. परवाना देणार स्थानिक पोलीस प्रमुख किंवा शेरीफ, म्हणजे काऊंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) पोलीस अधिकारी. शिवाय दहापेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर बंदी.

मेमध्येच टेक्ससमधल्या युवाल्डीत शाळेतल्या गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. आमच्याच राज्यात, रोझबर्गच्या कॉलेजात, 2015 मध्ये 9 जणांचा जीव गेला होता. मेझरच्या बाजूने उन्हात उभं राहून सह्या घेणाऱ्यांची तळमळ खरी होती. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही, हे त्यातलं कलम मलाही पटत होतं. माझा विरोध होता तो परवान्याच्या रचनेला. अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा असं लिहिलेलं होतं, पण प्रशिक्षण कोण देणार, कुठे देणार, खेड्यातल्या शेरीफकडे त्यासाठी माणसं कुठून येणार, याची सोय त्यात मला कुठेच दिसली नाही.

आमच्या बाबांकडे तळकोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि रानडुकरांसाठी. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची. बाबा ती जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने घेऊन जायचे. परत मिळायला किती दिवस लागतील, ते साहेब कधी जागेवर असतील त्यावर. तोवर भाताची नासाडी व्हायची ती व्हायचीच. म्हणून मेझरचा मसुदा वाचताना माझं लक्ष सगळ्यात आधी गेलं ते सही कोणाची लागणार, इकडे.

इथे प्रत्येक घरी मतदार पुस्तिका येते. तिच्यात मेझरच्या बाजूने किंवा विरोधात कुणालाही आपलं म्हणणं छापून आणता येतं. मर्यादा 325 शब्दांची. त्यासाठी 1200 डॉलर भरायचे, नाहीतर 500 नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणायच्या. मी सह्यांचा रस्ता धरला. पैसे नव्हते असं नाही, पण माझ्यामागे पाचशे माणसं उभी आहेत हे मला दाखवायचं होतं.

पहिला धक्का आपल्याच लोकांत बसला. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला, तर बहुतेक जण एच-वन किंवा ग्रीन कार्डवाले. मत नाही तर सहीही नाही. आणि ज्यांना मत होतं त्यांतल्या एका मैत्रिणीने स्पष्ट सांगितलं, "माझी मुलं शाळेत जातात गं, मी सही नाही करणार." तिच्याशी वाद घातला नाही. आजही आमचं येणं-जाणं आहे.

मग पशुखाद्याच्या दुकानाबाहेर उभी राहिले. नऊ दिवसांत 143 सह्या झाल्या. एका रात्री मजकूर पुन्हा वाचताना दिसलं, मी "65 डॉलर फी" लिहिलं होतं, मसुद्यात "65 डॉलरपर्यंत" होतं. चुकीचं छापायचं नाही म्हणून तो एक शब्द दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी काऊंटीच्या निवडणूक कार्यालयात विचारायला गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटून तळाची ओळ दाखवली. सही करणारा तिथे लिहून देतो की हा मजकूर मी वाचला आहे आणि मला मान्य आहे. मजकूर बदलला की आधीच्या सह्या बाद.

मी म्हटलं, एकच शब्द आहे, आणि तोही बरोबर केलाय. त्या म्हणाल्या, नियम असा आहे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे आज कळतं. पण याच खिडकीवर दोन आठवड्यांपूर्वी मी फॉर्म घेताना "अजून काही लक्षात ठेवायचं का?" असं विचारलं होतं, आणि "सगळं फॉर्मवर आहे" एवढंच उत्तर मिळालं होतं. गाडीत येऊन रडले. मग नवे कागद छापले आणि त्याच 143 जणांकडे पुन्हा गेले. 112 भेटले.

एकूण 531 सह्या दिल्या. शुक्रवारी तपासून आल्या तेव्हा वैध निघाल्या 492. बाद झालेल्यांतले बरेचसे घर बदललेले, काहींची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही. सही घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: घर बदललंय का, नोंदणीत नवा पत्ता घातलाय का? शनिवार-रविवारी शेजारच्या शेतांवर फिरून आणखी 21 आणल्या, सोमवारी कार्यालय उघडताच दिल्या. मंगळवारी, 30 ऑगस्टला, शेवटच्या दिवशी अर्ज दाखल झाला. हरतालिका होती. निर्जळी उपासात दाखल झाल्याची पोच हातात धरून मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती बसून होते.

मेझर 50.65 टक्के मतं मिळून पास झालं, 36 पैकी फक्त 6 काऊंट्यांच्या बहुमतावर. 8 डिसेंबरला लागू होणार होतं, त्याच्या दोन दिवस आधी हार्नी काऊंटीच्या कोर्टाने स्थगिती दिली.

ऑक्टोबरमध्ये पुस्तिका आली तेव्हा माझ्या पानाचा फोटो बाबांना पाठवला होता. सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "थंयसुद्धा पोलिसांचीच सही लागतली काय गो?"

आणि हो, पाचशे लागत असतील तर साडेसहाशे घ्या.