मुलांना खर्रा आणायला पाठवणं आमच्या गावाने कसं थांबवलं

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी आधी खर्रा म्हणजे काय ते सांगते. बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या कागदात, टाकून घोटतात, घोटून घोटून ओलसर झालं की पुडी बांधतात. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. दारू चोरून विकली जाते, पण निदान ती चोरी आहे हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक असतं. खर्र्याचं तसं नाही. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ खर्रा पुढे येतो. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाया लावायच्या तर मजुरीसोबत खर्रा, लग्नाच्या मांडवात खर्रा, तेरवीला खर्रा. अशा गावात सातवीतल्या मुलाने खर्रा खाल्ला तर त्याला चूक कोण म्हणणार?

मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी अध्यक्षांचं काम सही करण्यापुरतं राहतं. मलाही पोषण आहाराचं रजिस्टर आणि गणवेशाचा हिशोब यापलीकडे फारसं कोणी काही विचारत नव्हतं. मग शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरांनी प्रत्येक मुलाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. सहावी-सातवीच्या काही मुलांची दोनच गेली. गालाच्या आतली कातडी कडक होते, जबडा हळूहळू उघडेनासा होतो, आणि पुढे याच तोंडात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, असं त्यांनी आम्हा पालकांना समजावलं. आमच्यातल्या एकीने लगेच म्हटलं, "मग तंबाखू बंद करतो जी, नुसती सुपारी देतो." डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनेच. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. शाळेसमोर गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी लटकणाऱ्या गोड सुपारीच्या माळांकडे त्या दिवसापर्यंत आमचं कोणाचं लक्ष नव्हतं.

एकट्या शाळेने हे होणारं नव्हतं. मुख्याध्यापक सर परिपाठात रोज सांगत होतेच. म्हणून या कामाच्या समितीत कोण कोण हवं यावर आम्ही नीट विचार केला. आशाताई, अंगणवाडीच्या मदतनीस, पोलीस पाटील, ग्रामसेवक, बचत गटाच्या दोघी आणि कबड्डी खेळणाऱ्या पोरांच्या मंडळाचा एक जण. मुक्तिपथ हे जिल्ह्यात २०१६ पासून चाललेलं दारू-तंबाखूविरोधी काम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभं केलं. त्यांचा तालुक्याचा कार्यकर्ताही येऊ लागला. माझा आग्रह आणखी एका नावासाठी होता, गावातल्या एका पानठेलेवाल्या भाऊंसाठी. सरांना ते पटलं नाही, चोरालाच चौकीवर बसवता का, असं ते म्हणाले. मला वाटत होतं, आज ना उद्या ज्याच्याशी भांडायचं आहे तो पहिल्या दिवसापासून समोर बसलेला बरा. भाऊ आले, आणि पुढे त्यांच्याइतकी उपयोगी माहिती कोणीच दिली नाही.

पहिलं काम आम्ही मुलांना विचारण्याचं केलं. पाचवी ते सातवीच्या वर्गात रिकामा डबा ठेवला, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. प्रश्न एकच: खर्रा किंवा सुपारी पहिल्यांदा हाती कशी आली? आमचा सगळ्यांचा समज होता, मोठी पोरं लहानांना बिघडवत असतील. चिठ्ठ्या उघडल्या तर वेगळंच निघालं. "आबानं आणायला पाठवलं, तेव्हा रस्त्यात चाखला." "बाबाच्या खिशातला." "मामाच्या लग्नात ताटात होता." "आई घोटायला लावते, मग थोडा लागतोच." "रोवणीत सगळ्यांना दिला, मलापण." दोस्तांचं नाव थोड्याच चिठ्ठ्यांत होतं. भाऊंनीही तेच सांगितलं. त्यांच्या ठेल्यावर येणारी बहुतेक पोरं घरच्या कामावर आलेली असतात, आणि घरचंच काम म्हणून तेही देतात.

माझ्या घरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, आहेत. माझा मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून त्यांचा खर्रा आणतो. गुडघे दुखतात त्यांचे, ठेला वळणावर आहे. मी स्वतः कितीदा म्हटलं असेल, जा रे, आबाला घेऊन ये. त्या चिठ्ठ्या वाचताना अक्षर ओळखीचं वाटतं का, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

यानंतर कायदा समजून घेतला. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूची विक्रीच चालत नाही. अंतर शाळेच्या कुंपणापासून चारी बाजूंनी सरळ रेषेत मोजायचं असतं, रस्त्याने फिरून नाही. हे बारीक वाटतं, पण आमच्याकडे याच मुद्द्यावर वाद झाला. शाळेच्या मागचा एक ठेला रस्त्याने गेलं तर लांब पडतो, कुंपणापासून टेप लावला तर आतच येतो. पोलीस पाटलांनी टेप धरला, सातवीच्या मुलींनी आकडे लिहिले आणि जिथे हद्द आली तिथे पिवळी रेषा मारली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत ही रेषा आहेच. शाळेत फलक, आवारात थुंकल्याच्या खुणा नसणं, सहा महिन्यांत एक तरी कार्यक्रम, लक्ष ठेवणारी नेमलेली माणसं, हे बाकीचे निकष आम्ही लवकर पूर्ण केले. त्यात अवघड काही नाही. अवघड होते ते ठेले.

हद्दीत दुकान लावण्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. एका ठेलेवाल्याने आम्हाला तोंडावर सांगितलं, "दोनशे घ्या आन् जा." तेव्हा मुक्तिपथच्या कार्यकर्त्याने २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ७७ दाखवलं. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ जो देईल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसभेत हे कलम वाचून दाखवल्यावर सगळ्यात जास्त आवाज दुकानदारांचा नव्हता, म्हाताऱ्यांचा होता. "म्हणजे नातवाला चिमूटभर दिला तर आमालेच जेलात टाकता का?" कायद्यात 'देणारा' असं आहे, त्यात दुकानदार आणि आजोबा असा फरक नाही, हे सरांनी शांतपणे सांगितलं. केस करायची आमची इच्छा नाही, हेही सांगितलं. पण ते एकदा बोललं गेलं हे फार बरं झालं, कारण तोवर सगळी चर्चा ठेल्यांभोवतीच फिरत होती.

आमचं गाव पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे. १९९६ च्या या कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, म्हणून सभेत ठराव घेण्याला आमच्याकडे वजन असतं. ठराव तीनच केले. मुलाला खर्रा आणायला पाठवायचं नाही, घोटायलाही बसवायचं नाही. कोणी पाठवलंच तर ठेलेवाल्याने रिकाम्या हाती परत पाठवायचं. आणि लग्न, तेरवी, रोवणी यात कोणालाच खर्रा वाटायचा नाही. तिसरा ठराव बायांनी लावून धरला. पुरुषांपैकी काही जण म्हणाले, पाहुणे काय म्हणतील? एका आजीने उत्तर दिलं, "पाहुण्याले भजे घाला."

मागच्या बाजूचा ठेला एका विधवा बाईंचा होता. तो हटवायचा म्हणजे त्यांची चूल बंद करायची. पोलिसांना बोलवून एका दिवसात हटला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धं गाव आमच्या विरोधात गेलं असतं. बचत गटातून त्यांना कर्ज दिलं, त्यांनी शेगडी घेतली आणि आता सकाळी पोहे-भजी विकतात. कमाई पूर्वीइतकी नाही, हे त्या सांगतात आणि ते खरं आहे. खर्र्यात नफा जास्त असतो. म्हणून शाळेच्या पोषण आहाराला लागणारा भाजीपाला त्यांच्याकडून घ्यावा, असं आम्ही ठरवलं. दोनशे रुपयेवाल्याने ठेला हद्दीच्या जेमतेम बाहेर नेला. मोठ्यांना विकतो, मुलांना देत नाही. तेवढ्यावर सध्या थांबलो आहोत.

ज्या मुलांना लत लागली होती त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, वर्गात मन लागत नाही. अशा मुलाला मारलं किंवा सगळ्यांसमोर नाव घेतलं तर ते शाळेतच येणं बंद करतं, म्हणून सरांनी तशी सक्त सूचना दिली. खिशात भाजलेले चणे आणि आवळा ठेवायची परवानगी दिली. तोंड आखडलेल्या मुलांना आशाताई जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम शिकवला: काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची. सुपारी पूर्ण सुटली नाही तर त्याचा उपयोग होत नाही, हेही बजावलं. मोठ्यांसाठी आम्ही १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत क्रमांक ठेल्यांवरच लिहून टाकला. भाऊंनी स्वतःच्या ठेल्यावर तो सगळ्यांत मोठ्या अक्षरांत रंगवला.

मामाजी पहिल्या आठवड्यात माझ्याशी बोलले नाहीत. मग काठी घेऊन स्वतः ठेल्यावर जाऊ लागले. मुक्तिपथच्या तालुक्यातल्या क्लिनिकमध्ये आम्ही त्यांना नेलं, मध्ये काही काळ त्यांनी सोडलाही, पुन्हा सुरू केला. आता दिवसाला पूर्वीपेक्षा कमी खातात. सत्तरी पार केलेल्या माणसाची पन्नास वर्षांची सवय आहे, मी त्यांच्यामागे फार लागत नाही. नातू मात्र त्यांच्यासाठी ठेल्यावर जात नाही, आणि मुलासमोर ते पुडी उघडत नाहीत. हे त्यांनी स्वतः ठरवलं, मी सांगितलेलं नाही.

लग्नांचं अजून पूर्ण जमलेलं नाही. गावातली लग्नं पाळतात, पण बाहेरगावची वरात येताना पिशव्या भरून आणते. आठवडी बाजारही आमच्या हातात नाही. सगळ्यांत मोठी काळजी आठवीची आहे. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे मुलं सायकलने मोठ्या गावच्या हायस्कूलला जातात, आणि तिथे फाटकाच्या बाहेरच ठेल्यांची रांग आहे. इथे तीन वर्षं सांभाळलेलं मूल तिथे तीन महिन्यांत सापडेल. म्हणून आता त्या हायस्कूलच्या पालकांशी बोलणं सुरू केलं आहे. गणपतीनंतर त्यांची आणि आमची समिती एकत्र बसणार आहे. आमच्या बाजूने चिठ्ठ्यांचा डबा, टेप आणि ठरावाची प्रत घेऊन आम्ही चौघी जाणार आहोत. पानठेलेवाले भाऊ सोबत येतो म्हणाले आहेत. तिथल्या दुकानदारांशी तेच बोलणार.