उजवीकडचा रकाना

सोसायटीच्या गणपतीची वर्गणीदारांची यादी दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. कारण काय, तर 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो'. यंदा ४५ नावं होती. ए विंगपासून ओळीने वर्डमध्ये टाइप केली, दोन रकाने केले, तर डावीकडे ३२ आणि उजवीकडे १३. एका बाजूला पंगत खचाखच, दुसऱ्या बाजूला पाटच रिकामे.

मग माझा दरवर्षीचा उपाय. तेविसाव्या नावापुढे नऊ वेळा एन्टर. बाकीची मंडळी निमूट पलीकडे. रात्री ए विंगमधून एक वर्गणी आली, वरती एक नाव वाढलं आणि त्या नवातली एक कोरी ओळ उजव्या रकान्याच्या डोक्यावर जाऊन बसली. टक्कल पडल्यासारखी.

सुट्टीला आलेली भाची मागे उभी राहून बघत होती. "मामा, हे काय? एन्टर मारून जागा भरतोस?" तिने आधी सगळ्या कोऱ्या ओळी उडवल्या. शेवटच्या नावापुढे कर्सर ठेवला आणि वरच्या मेनूतून लेआउट, ब्रेक्स, कंटिन्युअस असा ब्रेक टाकला. २३ आणि २३! मी चष्मा पुसून पुन्हा मोजली.

वर्डचं गणित नळाखालच्या हंड्यांचं आहे. पहिला काठोकाठ भरल्याशिवाय दुसरा लागत नाही. तो ब्रेक टाकला की त्याला कळतं, पाणी एवढंच. मग दोन्हींत सारखं ओततो. नेक्स्ट पेजवाला ब्रेक टाकून मात्र हे होत नाही. (लिबरऑफिस या वर्डसारख्याच मोफत प्रोग्रॅममध्ये म्हणे सेक्शन घालून एका चौकटीत टिकमार्क केली की झालं.)

तरी उजवीकडच्या ओळी किंचित खाली दिसत होत्या. दोन नावं मी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून चिकटवली होती, ती वेगळ्या फॉन्टमध्ये आली होती. मात्रा-वेलांट्यांसाठी प्रत्येक फॉन्ट आपल्या मापाने जागा घेतो. सगळ्या यादीला एकच फॉन्ट दिला, ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' केलं, तेव्हा नावासमोर नाव आलं.

प्रिंट काढणार तोच सी विंगची एक पावती आली. ४७. विषम आकडा आला की जास्तीची ओळ डावीकडे जाते. सकाळी बी विंगचे काका फलकासमोर उभे. "काल ग्रुपवर टाकलंस तेव्हा माझं नाव उजवीकडे सगळ्यात वर होतं. आज डावीकडे तळाला कसं?"